सासरचे डास मलाच का बाधतात?

पत्र:
काकू, मी डोंबिवलीला राहते, सासर सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. दरवर्षी मे महिन्यात मुलाला घेऊन पंधरा दिवस जाते. लग्न झालं त्या वर्षी काहीच झालं नव्हतं, पुढच्या वर्षी थोडं, आणि आता तीन-चार वर्षं डास चावला की अर्ध्या तासात गांधी उठते, दुसऱ्या दिवशी घोटा एवढा सुजतो की पैंजण रुतून बसतं, मधोमध पाण्याचा फोड, आणि काळे डाग थेट गणपतीपर्यंत. गेल्या वर्षी हाताच्या बोटांना आणि ओठाजवळ पण काळपट फोड येऊन कातडी निघाली. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याच्या पायांवर पुरळ, खाजवून रक्त काढतो. सासूबाई म्हणतात, "चुनो लाव गो, आमका कधी काय झाला?" नणंद म्हणते वहिनीचं रक्त गोड. एकदा लिंबू पण चोळून झालं. नवरा म्हणतो दरवर्षी तुझं काहीतरी असतंच. मेडिकलमधून एक ट्यूब आणलीये, लावली की मस्त वाटतं, बंद केली की परत. सासूबाई पण लग्नाआधी लालबागच्या चाळीत वाढलेल्या, मग त्यांना कसं काही होत नाही? यावर्षी जाऊच नये का?
— सुजलेली सूनबाई

उत्तर:
अगं सूनबाई, पहिलं वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव. हे नाटक नाहीये. घोटा सुजून पैंजण रुततंय हे कुणाला मनात आणून करता येत नाही.

मी डॉक्टर नाही हे माहितीच आहे तुला, चौतीस वर्षं कल्याणला मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते, फार्मासिस्ट म्हणून, आणि मे संपला जून लागला की गावाहून परत आलेली अर्धी कल्याण-डोंबिवली पाय वर करून मला दाखवायची, "बघा ना काय झालंय". त्यामुळे तुझा घोटा न बघताही डोळ्यासमोर आला.

आता हे होतं कसं ते बघ. डास चावतो म्हणजे खरं तर मादी चावते, नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. मादी सोंड खुपसते तेव्हा रक्त गोठू नये म्हणून स्वतःची लाळ आत सोडते, त्या लाळेत प्रथिनं असतात, आणि आपलं शरीर त्या प्रथिनांना शत्रू समजून हिस्टॅमिन वगैरे सोडतं, म्हणून खाज आणि सूज. म्हणजे सूज डासाची नाही, तुझ्याच शरीराने केलेला दंगा आहे तो. तू लिहिलंयस ते अगदी पुस्तकात लिहितात तसं आहे, आधी वीस मिनिटं-अर्ध्या तासात गांधी, ती बसते, आणि मग दुसऱ्या दिवशी टणक, गरम, खाजरी गाठ. बहुतेकांची ती वाटाण्याएवढी असते. काहींची पुरीएवढी होते, वर पाणी धरतं, कधी अंगात कणकण पण येते. याला स्कीटर सिंड्रोम असं जरा विचित्र नाव आहे, 1999 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या केस लिहिल्या तेव्हापासूनचं, तिकडे बोलीभाषेत डासाला स्कीटर म्हणतात म्हणून. साधारण तीन ते दहा दिवसांत आपोआप उतरतं. तुझं हेच आहे असं शिक्कामोर्तब मी करणार नाही, ते स्किनच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांचं काम, पण वर्णन तर तसंच आहे.

आता सासूबाईंना का होत नाही. माझ्या मते तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि उत्तर तूच वर लिहिलंयस, पहिल्या वर्षी काही नाही, मग थोडं, मग खूप. 1946 साली केनेथ मेलनबी नावाच्या ब्रिटिश कीटकतज्ज्ञाने हे नीट मांडलंय. एखाद्या जातीचा डास माणसाला अगदी नव्याने चावायला लागला की सुरुवातीला काहीच होत नाही कारण शरीराला ती लाळ ओळखीचीच नसते, मग दुसऱ्या दिवशीची गाठ यायला लागते, मग लगेचची गांधी आणि दुसऱ्या दिवशीची गाठ दोन्ही, मग नुसतीच गांधी, आणि चावून चावून शेवटी परत काहीच नाही. सासूबाई त्या शेवटच्या पायरीवर बसल्यात. रोज संध्याकाळी मागीलदारी भांडी, पहाटे कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, शिंपणं, वर्षाला हजारो चावे, वर्षानुवर्षं. तू मधल्या पायरीवर अडकलीयस कारण तू पंधरा दिवसांची पाहुणी आहेस. शरीराने धसका घ्यावा एवढे डास तुला चावतात आणि सवय व्हावी एवढे चावत नाहीत, तोवर परतीची गाडी येते. मग साडेअकरा महिने गॅप, आणि पुढच्या मेमध्ये परत पहिले पाढे पंचावन्न.

तू म्हणशील डोंबिवलीत काय डास नाहीत का? आहेत की, गटारं आहेत तर डास आहेत. पण गटारातला रात्री कानाशी गुणगुणणारा डास वेगळा आणि कुळागरात भर दिवसा पायाला लागणारा काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा वेगळा. लाळेतली काही प्रथिनं सारखी असतात, काही ज्याची त्याची. त्यामुळे शहरातली सवय तिकडे पूर्ण कामाला येत नाही. शिवाय तिकडे नुसते डासच नसतात, डोळ्याला दिसतील न दिसतील अशी चिलटं असतात, आंब्यावर ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, असतात, आणि आपण सगळ्याचं खापर डासावर फोडतो.

गोड रक्ताचं म्हणशील तर नणंदेला सांग की डासाला साखर कळत नाही, त्याला कळतो तो आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची उष्णता, घामाचा आणि कातडीवरच्या जिवाणूंचा वास. काही जणांना जास्त चावतात हे खरं आहे. पण तुझ्याबाबतीत मला वाटतं चावतात सगळ्यांनाच, दिसतं तुझ्याच अंगावर.

आता एक गोष्ट मला तुझ्या पत्रात खटकली. बोटांना आणि ओठाजवळ काळपट फोड, कातडी निघाली. अगं हे डासाचं काम नाही. तू ओले काजू सोलले होतेस ना? दोडामार्गात जाऊन ओल्या काजूची उसळ खाल्ली नाही असं होणारच नाही, आणि सूनबाई आली म्हटल्यावर विळी घेऊन बसवलंच असणार. काजूच्या सालात जे तेल असतं ते जबर दाहक, बी कापताना बोटांना लागतं, आणि तोच हात तोंडाला पुसला की ओठाजवळ. काजू, आंबा आणि आपला बिब्बा एकाच कुळातले, बिब्बा उतला की कसं होतं ते आजीला विचार. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला तरी हेच होतं. तिथल्या बायका हाताला खोबरेल तेल चोपडून नाहीतर राख लावून बसतात ते उगीच नाही. तू सरळ हातमोजे घाल, लोकांना हसू दे, आणि आंबा देठाकडून दाताने सोलू नकोस, आधी देठ कापून चीक गळू दे. म्हणजे गेल्या वर्षीचा निम्मा त्रास डासांच्या खात्यातून वजा झाला बघ.

चुन्याबद्दल. सासूबाईंचा हेतू चांगला आहे पण नको. चुना अल्कली असतो, फोड फुटलेल्या किंवा खाजवलेल्या कातडीवर लावला तर भाजतं, आणि मग डाग चाव्याचा की चुन्याचा तेच कळत नाही. टूथपेस्टचं पण तसंच, गार वाटतं म्हणून लोक लावतात. लिंबू तर अजिबात नाही, म्हणजे लिंबू लावून उन्हात गेलीस तर लिंबातल्या द्रव्यामुळे आणि उन्हामुळे कातडी भाजून काळे पट्टे उठतात ते महिनोन्महिने जात नाहीत. तू चोळलंस आणि खळ्यात पापड-साठं वाळत घालायला उन्हात बसलीस तर गणपतीपर्यंतच्या डागांचं एक कारण तिथेच आहे. आमसुलाचं पाणी मात्र चालेल, पित्त उठल्यावर लावतात तसं, कातडी फुटलेली नसेल तर. थंडाव्याने बरं वाटतं, नुकसान काही नाही, आणि सासूबाईंना पण वाटेल की सुनेने आपलं काहीतरी ऐकलं.

आता ट्यूब. तू नाव लिहिलं नाहीस पण "लावली की मस्त, बंद केली की परत" हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय की मला नावाची गरज नाही. त्यात बहुतेक क्लोबेटासोल किंवा त्याच्यासारखं कडक स्टिरॉइड, वर एक बुरशीचं औषध आणि वर एक अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असणार, म्हणजे काय झालंय ते बघायचंच नाही, तिन्ही गोळ्या झाडायच्या, एक तरी लागेल. खरं सांगते, सुरुवातीच्या वर्षांत मी पण विकल्या असल्या ट्यूबा, गिऱ्हाईक मागतं, लगेच आराम पडतो, परत येऊन थँक्यू म्हणतं. मग एक मुलगी आली, विशीतली, ती चेहऱ्याला रोज लावत होती गोरं व्हायला, गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली, आतल्या शिरा दिसत होत्या. तेव्हापासून चिठ्ठीशिवाय देणं बंद केलं. नियमानेही असली कडक स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात पण आपल्याकडे कोण बघतंय.

स्टिरॉइड म्हणजे विष असं मी म्हणत नाहीये हां, उलट मोठ्या सुजेवर डॉक्टर स्टिरॉइडचंच मलम देतात. पण कोणतं, किती कडक, कुठे आणि किती दिवस हे ठरवून. साधारणपणे सौम्य किंवा मध्यम, चाव्यापुरतं, चार-पाच दिवस, आणि बंद. तुझ्या ट्यूबमधलं बुरशीचं औषध डासाच्या चाव्यावर काय करणार? काही नाही. आणि आत खरंच पू धरत असेल तर स्टिरॉइडने वरून लाली कमी दिसते, आत वाढतच जातं. ती ट्यूब मुलाला तर लावूच नकोस. तू कित्येक महिने रोज लावत असशील तर एकदम फेकू पण नकोस, आधी डॉक्टरला दाखव आणि ते सांगतील तसं थांबव.

मग करायचं काय? चावलं की लगेच साबणाने धू, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धर, बर्फ नसेल तर विहिरीचं पाणी, तिकडच्या विहिरीचं पाणी मेमध्ये पण गार असतं. कॅलामाइन लोशन लाव. अ‍ॅलर्जीची गोळी, म्हणजे सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला दिवसातून एक, बऱ्याच जणांना झोप येते म्हणून रात्री, आणि ती घेऊन गाडी चालवायची नाही. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असशील, किडनीचा काही त्रास असेल तर मात्र विचारूनच. तुझ्यासारख्या ज्यांना दरवर्षी ठरलेलं आहे त्यांना काही डॉक्टर गावाला जायच्या आधीपासूनच ही गोळी सुरू करून देतात, चावल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली असली तर गांधी आणि खाज बऱ्यापैकी कमी राहते. निघायच्या आधी डोंबिवलीतच एकदा दाखवून हे विचारून घे. पाय सुजला तर उशीवर वर ठेवून पड, आणि पैंजण, जोडवी, अंगठी सूज चढायच्या आधी काढ, नंतर कापावी लागते.

आणि फोड फोडायचा नाही. तो वरचा पापुद्रा म्हणजे फुकटची पट्टी आहे.

खाजवण्याबद्दल मी फार शहाणपणा शिकवू शकत नाही कारण मी स्वतःच पस्तावलेय. दहाएक वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला गावी गेले, पोटरीला काहीतरी चावलं, हळदीच्या दिवशी रात्रभर झोपेत खाजवलं, नखांत हळद, माती, काय काय. तिसऱ्या दिवशी लग्न सोडून बघते तर अर्धी पोटरी लाल, हात लावला तर तव्यासारखी गरम, आणि खाज जाऊन ठणका लागलेला. गोळ्या विकणारी बाई मी, तरी म्हटलं होईल बरं, अ‍ॅलर्जीच आहे. रात्री हुडहुडी भरून ताप. डॉक्टरने खिशातलं बॉलपेन काढलं आणि लालीच्या कडेने पायावर गोल काढला, म्हणाले सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेलेली दिसली तर अ‍ॅडमिट. सकाळी दोन बोटं बाहेर गेलेली. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक घेतले, साडी नेसून मिरवायचं ते सलाइन लावून पडले. तर ती पेनाची युक्ती लक्षात ठेव, गावात डॉक्टर लांब असतो तेव्हा फार कामाची. अ‍ॅलर्जीची सूज साधारण काही तासांत चढते आणि तिला खाज जास्त असते, जंतूंची सूज एक-दोन दिवसांनी सुरू होते, पसरत जाते, आणि तिच्यात दुखणं जास्त. पू, ताप, जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ, किंवा चाव्यापासून वर जाणारी लाल रेघ दिसली तर घरगुती सगळं बंद आणि सरळ दवाखाना. घरात कुणाला डायबेटिस असेल तर त्यांनी वाटच बघायची नाही.

मुलाचं. त्याचे ते खाजरे पुरळ बहुतेक कीटकांच्या चाव्यांवरचेच, लहान मुलांमध्ये हे खूप दिसतं, एक नवा चावा झाला की जुने बरे झालेले पण परत फुलतात, आई म्हणते गरमी झाली. वाढत्या वयात बहुतेकांचं आपोआप कमी होतं. पण त्याला डासच चावतायत कशावरून? माळ्यावरच्या गाद्या काढून वर्षातून एकदाच पाहुण्यांना देतात ना, त्या दोन दिवस कडक उन्हात टाक आणि शिवणीत ढेकूण बघ. घरात मांजर-कुत्रा असेल तर पिसवा बघ, त्या गुडघ्याच्या खालीच चावतात बहुतेक. त्याची नखं कापून टाक, रात्री पातळ सुती पायजमा, आणि औषध त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरकडून आधीच लिहून घेऊन जा, तुझी अर्धी गोळी तोडून देऊ नकोस.

आता न चावण्याचं बघू, कारण तिथे तुझ्या हातात बरंच आहे. तो पट्टेवाला डास कुळागरात कुठे वाढतो माहितीये? फार पाणी लागतच नाही त्याला, नारळाच्या करवंटीत साठलेलं चमचाभर पाणी पुरतं. सुपारीच्या झावळ्यांच्या पडलेल्या पोवल्या, म्हणजे देठाकडचे खोलगट पापुद्रे, झाडाच्या ढोलीतलं पाणी, कोंबड्यांचं भांडं, न्हाणीमागची फुटकी बादली. गेल्या गेल्या पहिल्या दिवशी मुलाला घेऊन करवंट्या पालथ्या घालायचा खेळ खेळ, मोजायला लाव त्याला, वडीलधाऱ्यांना पण त्यात सुनेचं नाक वर वाटणार नाही. हे डास सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त चावतात त्यामुळे त्या वेळी कुळागरात पायमोजे घालून जा, फिक्या रंगाचे ढगळ कपडे, काळी लेगिंग नको, घट्ट कापडातून सोंड आरामात जाते. डास पळवायचं मलम चालतं, पण घामाने जातं म्हणून परत लावावं लागतं, आणि सनस्क्रीन लावत असशील तर आधी ते, वर हे. मुलाच्या तळहातांना लावू नकोस, तो हात तोंडात घालतो. ओटीवर बसताना टेबल फॅन पायांकडे लाव, डास फार कच्चा उडणारा, वाऱ्यात त्याचं काही चालत नाही. आणि रात्री मच्छरदाणी, तिला पर्याय नाही, कॉइलच्या धुराने निम्मं घर खोकतं.

एक गोष्ट खास दोडामार्गची आहे म्हणून सांगते, घाबरवायला नाही. तुमच्या भागात गोचिडींमधून पसरणारा माकडताप आहे, मूळचा कर्नाटकातल्या शिमोग्याकडचा, 1957 साली क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, आणि गेल्या दहाएक वर्षांत गोव्यात सत्तरीकडे आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात आढळला. तो डिसेंबर ते मे या दिवसांत जास्त, म्हणजे नेमका काजूचा हंगाम, काजूच्या बागेत पाल्यापाचोळ्यात फिरतो तेव्हा गोचीड चढते. तेव्हा काजूत जाऊन आल्यावर अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे, मुलाच्या केसांत बघायचं, चिकटलेली दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल टाकायचं नाही, बोटांनी चिरडायची नाही. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. आणि परत आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यात जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी झाली तर डोंबिवलीच्या डॉक्टरला "मी दोडामार्गला काजूत फिरून आलेय" हे वाक्य सांगायचंच, नाहीतर त्याला कसं सुचणार. सलग चढा ताप हा कधीच नुसत्या चाव्याच्या अ‍ॅलर्जीचा नसतो, मलेरिया-डेंग्यू पण त्यातच आले.

आणि धोक्याचं. डासामुळे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी फार क्वचित होते, पण मधमाशी, गांधीलमाशीने होऊ शकते आणि मेमध्ये पोळी असतातच. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो झटकन काढायचा, नखाने खरवड नाहीतर कशानेही, वेळ घालवायचा नाही. गांधीलमाशी काटा सोडत नाही, परत परत डसते. हातापायाला नुसती डसल्या जागी सूज, मोठी असली तरी, थांबून बघता येते. पण चावलंय पायाला आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, उलटी, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही सुरू झालं तर चुना नाही आमसूल नाही, 108 ला फोन किंवा हाताशी असेल ती गाडी. माणसाला आडवं ठेवायचं, पाय वर, दम लागत असेल तर बसतं, पण चालवायचं नाही. तिथे औषध एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीत, अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. म्हणून गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारून ठेव, जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, रात्री डॉक्टर असतो का, आणि नाहीच तर दोडामार्गचं ग्रामीण रुग्णालय गाठायला किती वेळ. पुढे मोठं काही लागलं तर तुमच्याकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला जातात ते घरच्यांना माहिती असेलच. कुणाला असं एकदा झालेलं असेल तर त्याने अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय रानात जायचंच नाही.

डागांसाठी घासू-पुसू नकोस, स्क्रब नको, लिंबू नको हे परत सांगते. आपल्या सावळ्या कातडीवर सूज गेल्यावर डाग राहतोच, उन्हापासून झाकला की महिन्यांनी विरतो. खाजवणं जितकं कमी तितका डाग कमी.

तर जाऊ नये का? जा की. ज्या गावात लोक हत्ती बागेत शिरतो म्हणून रात्र रात्र जागतात तिथे तू डासाचं कारण देऊन सुट्टी रद्द केलीस तर नवरा वर्षभर ऐकवेल, आणि मुलाला काजूची बोंडं खायची वर्षं हीच आहेत. पिशवीत गोळ्या, कॅलामाइन, डॉक्टरने लिहून दिलेलं मलम, चिमटा, हातमोजे आणि एक बॉलपेन टाक.

राहिल्या सासूबाई. लालबागच्या चाळीतून लग्न होऊन कुळागरात आलेली मुलगी, म्हणजे त्या पण कधीतरी पहिल्या पायरीवरच होत्या. मेलनबीसाहेबाचं खरं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांचा पण घोटा सुजलाच असणार, आणि तेव्हा त्यांच्या सासूने चुनाच लावला असणार. वाद घालू नकोस. दुपारी काजू सोलायला बसाल तेव्हा सहज विचार, "आई, तुम्ही नवीन आलात तेव्हा तुम्हाला चावायचे का हो डास?" काय म्हणाल्या ते मला नक्की कळव, आणि त्या ट्यूबचं नाव पण.